गारगोटीच्या ठोक्यावर

भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाची मागची काळी डबी उघडली तर आत प्लॅस्टिकची तीन-चार दातेरी चाके, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आणि नखाएवढी एक पट्टी दिसते. त्या पट्टीला केसासारख्या दोन पायांनी चिकटलेली, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी चंदेरी नळी असते. हवा काढून बंद केलेल्या त्या नळीत गारगोटीचा एक नादकाटा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरावर आपटून कानाशी धरतात तसाच, दोन भुजांचा, फक्त काही मिलिमीटर लांबीचा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. शेजारची चिप ही थरथर मोजते, पंधरा वेळा निम्मी करते आणि उरलेला सेकंदाचा एक ठोका काट्यांकडे धाडते. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. त्या चमत्कारिक आकड्यामागे एवढेच गणित आहे. असा एखादा क्रिस्टल घरातल्या टीव्हीत असतो, विजेच्या मीटरमध्ये असतो, गाडीच्या इंजिनावर देखरेख करणाऱ्या खोक्यात असतो. मोबाइलमध्ये तर सहसा एकाहून अधिक असतात.

गेली काही वर्षे आपल्याकडे चिपची चर्चा जोरात आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केल्यापासून नॅनोमीटर हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे. ते चांगलेच झाले. पण अब्जावधी ट्रान्झिस्टर असलेली चिपही, बाहेरून कोणी ठोका दिल्याशिवाय, पुढची पायरी कधी चढायची हे ठरवू शकत नाही. तो ठोका देणारा भाग डिजिटल नसतो आणि बहुतेक वेळा सिलिकॉनचाही नसतो. ती एक कापलेली, घासलेली, हलणारी गारगोटी असते आणि तिच्याभोवती चार-पाच सुट्या भागांचे एक जुने सर्किट असते. हे सर्किट ‘किरकोळ’ या सदरात टाकून आपण इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, शिकतो आणि बनवतो. चिप बनवायला निघालेल्या देशाला ही बेपर्वाई महागात पडेल, असे माझे म्हणणे आहे. ते पटण्यासाठी आधी हे सर्किट चालते कसे ते नीट पाहायला हवे, कारण ते किरकोळ वाटते ते न पाहिल्यामुळेच.

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला की टक् असा आवाज होतो आणि ठिणगी पडते. त्यात सेल नसतो. आतली छोटी हातोडी सिरॅमिकच्या एका ठोकळीवर आपटते, ठोकळी क्षणभर दबते आणि दबताना तिच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक तयार होतो. हाच गुण गारगोटीत निसर्गतःच असतो. पॅरिसमध्ये झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८०मध्ये तो दाखवून दिला. गारगोटी, टूर्मलीन, अगदी उसाच्या साखरेचे स्फटिकसुद्धा दाबले की विजेचा भार दाखवतात. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी उलटा तर्क मांडला की दाबल्यावर वीज येत असेल, तर वीज दिल्यावर स्फटिक आकसला-फुगला पाहिजे. क्युरी बंधूंनी तेही पडताळून पाहिले. म्हणजे गारगोटीचा तुकडा हा दुभाष्या आहे. विजेची भाषा तो हालचालीत सांगतो आणि हालचालीची विजेत. आणि घंटेला जसा तिचा स्वतःचा एक नाद असतो तसा या तुकड्यालाही असतो. तो नाद तुकड्याच्या आकारावर, जाडीवर आणि कापावर ठरतो. भोवतालच्या सर्किटच्या लहरीवर तो फारसा अवलंबून नसतो.

आता लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. सूत्रसंचालक माइक घेऊन स्पीकरच्या जवळ जातो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. कोणी शिट्टी वाजवलेली नसते. माइकमध्ये शिरलेली बारीकशी खसखस ॲम्प्लिफायर मोठी करतो, स्पीकर ती बाहेर टाकतो, ती पुन्हा माइकमध्ये शिरते, पुन्हा मोठी होते. हा फेरा पूर्ण होताना आवाज जर कमी होत नसेल आणि परत येणारी लाट मूळ लाटेच्या पावलावर पाऊल ठेवून येत असेल, तर शिट्टी टिकते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन यांच्या नावाने इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत विचारला जाणारा निकष तो हाच. मांडवातली शिट्टी कोणत्या सुरात वाजेल हे मात्र माइकची जागा, कनातीचे कापड, माणसांची गर्दी अशा हजार गोष्टींवर ठरते, म्हणून माइक जरा फिरवला की सूर बदलतो. ऑसिलेटर म्हणजे मुद्दाम घडवून आणलेली अशी शिट्टी. फरक इतकाच की फेऱ्याच्या वाटेवर गारगोटी बसवली, तर ती फक्त स्वतःच्या नादाला वाट देते आणि बाकी सगळ्यांना अडवते. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात वॉल्टर केडी यांनी १९२१मध्ये गारगोटीवर चालणारा ऑसिलेटर मांडला. त्यानंतर थोड्याच काळात हार्वर्डच्या जॉर्ज पिअर्स यांनी तो इतका आटोपशीर केला की आज शंभर वर्षांनंतरही बहुतेक चिपच्या शेजारी पिअर्सचेच सर्किट बसते.

त्या सर्किटची गंमत पाहण्यासारखी आहे. मध्ये एक इन्व्हर्टर असतो, म्हणजे ‘हो’ दिले की ‘नाही’ सांगणारे डिजिटल गेट. त्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंत एक मोठा रेझिस्टर जोडतात, एक ते दहा मेगाओहमच्या घरातला. त्यामुळे बिचारे गेट ना ‘हो’वर बसू शकत ना ‘नाही’वर, ते मध्येच लटकते. तिथे लटकलेले गेट डिजिटल राहत नाही, साधा ॲम्प्लिफायर होते. ते लाट उलटी करून बाहेर टाकते. क्रिस्टल आणि त्याच्या दोन्ही पायांकडून जमिनीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर मिळून ती पुन्हा सुलटी करतात आणि गेटच्या तोंडाशी आणून सोडतात. सुरुवात करून द्यायला कोणी लागत नाही. प्रत्येक सर्किटमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची जी अखंड कुजबुज चालू असते, तिच्यातला नेमका आपला सूर गारगोटी उचलते आणि फेऱ्यागणिक वाढवत नेते. लाट इतकी वाढते की गेटला आणखी वाढवता येत नाही, आणि तिथेच ती स्थिरावते. शून्य आणि एकाच्या सगळ्या हिशेबाचा पाया अशा ना शून्य ना एक अवस्थेत उभा आहे, हे अभ्यासक्रमातून फारसे कोणी सांगत नाही.

गारगोटीच का, याचे उत्तर मंदिरात मिळते. मडक्यावर टिचकी मारली की आवाज लगेच मरतो, पितळी घंटेचा मात्र घुमत राहतो, कारण घंटा आपली ऊर्जा फार हळू गमावते. तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडी लावूनही ऑसिलेटर होतो, पण ती जोडी मडक्याच्या जातीची. चांगल्यातली चांगली जोडीसुद्धा गुणवत्तेच्या मोजपट्टीवर काही शेकड्यांपर्यंत पोहोचते. क्रिस्टल सहज हजारांत आणि लाखांत जातो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर स्टेशन हळूहळू सरकायचे आणि दर थोड्या वेळाने बटण पिळावे लागायचे, ते या मडक्यामुळे. विजेच्या भाषेत मांडायचे, तर घड्याळातला तो इवला नादकाटा म्हणजे हजारो हेन्रीचे वेटोळे आणि एका पिकोफॅरडच्या हजाराव्या हिश्शाच्या मापातला कपॅसिटर. अशी जोडी तांब्याच्या तारेने, एवढ्या कमी गळतीने बनवणे अशक्य. जे तारेला जमत नाही ते दगडाच्या जडपणाने आणि ताठपणाने होते. म्हणून पिअर्सचे सर्किट खऱ्या अर्थाने अर्धे विजेचे आणि अर्धे यांत्रिक आहे.

एवढे समजून मग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊ. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी ८०५१ मायक्रोकंट्रोलर घेतो आणि त्यासोबत ‘अकरा पॉइंट झिरो फाइव्ह नाइन टू’चा क्रिस्टल मागतो. काउंटरवरून चपटी चंदेरी डबी आणि न मागताच ३३ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर पुढे येतात. हाच आकडा का, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न, आणि त्याचे उत्तर खरोखर सुंदर आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ने भागले, मग ३२ने आणि मग ३ने, तर बरोबर ९,६०० उरतात. संगणकाशी बोलण्याचा तो एक ठरलेला वेग. दिसायला सुटसुटीत म्हणून १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, तर त्याच भागाकाराने १०,४१७च्या आसपास काहीतरी येते. साडेआठ टक्क्यांची चूक होते आणि पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा उमटतो. हे उत्तर मुले पाठ करतात. पण ३३ पिकोफॅरडच का, असे विचारले तर उत्तर येते, ‘पुस्तकात तसे आहे.’ माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कारण ते दोन कपॅसिटर शोभेचे नसतात. कारखान्यात क्रिस्टल घासला जातो तो अमुक इतका भार पायांना दिसेल असे गृहीत धरून, आणि तो आकडा त्याच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. दोन्ही कपॅसिटर क्रिस्टलच्या दृष्टीने एकामागे एक येतात, म्हणून ३३चे दोन मिळून साडेसोळा होतात. त्यात पट्टीवरच्या तांब्याच्या रेषांचे आणि चिपच्या पायांचे चारपाच पिकोफॅरड मिळवायचे. ही साधी बेरीज केली नाही तर घड्याळ बोलते. साडेबारा पिकोफॅरडसाठी घासलेल्या नादकाट्याला नऊच दिले, तर ते दिवसाला सुमारे तीन सेकंद पुढे पळते, महिन्याला दीड मिनिट. मग ग्राहक सेल बदलतो, दुकानदार क्रिस्टल बदलतो, आणि चूक तशीच पट्टीवर बसून राहते. वेळ चुकण्याहून वाईट म्हणजे सर्किट कधी सुरूच न होणे. टेबलावर ठणठणीत चालणारे यंत्र कोकणातल्या पावसाळ्यात गप्प होते, कारण सोल्डरिंगनंतर न पुसलेल्या फ्लक्सवर ओल बसते आणि दोन पायांमध्ये गळतीची वाट तयार होते. दहा मेगाओहमच्या रेझिस्टरने गेटला जिथे लटकवले होते, तिथून ही ओल त्याला खाली खेचते. बरे, तपासायला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावावा, तर प्रोबचेच दहाएक पिकोफॅरड असतात. कधी चालते सर्किट प्रोब टेकताच थांबते, कधी बंद पडलेले टेकताच सुरू होते. वैद्याने नाडीला हात लावला की रोगी बदलतो, असा हा प्रकार आहे.

दगडाची बाजू याहूनही बारकाईची. गारगोटीचा स्फटिक सगळ्या दिशांनी सारखा नसतो, त्यामुळे तो कोणत्या कोनात कापला यावर तापमानाचा परिणाम ठरतो. घड्याळातला नादकाटा पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो आणि गार झाला तरी मागेच पडतो. खोलीत चाळीस अंश असतील तर दिवसाला पाऊण सेकंदाच्या आसपास, महिन्याला वीस सेकंद. नागपूरच्या मे महिन्यात आणि तिथल्याच डिसेंबरच्या दहा अंशांच्या पहाटे घड्याळ सारखेच रेंगाळते, हे ऐकायला खोटे वाटते पण खरे आहे. मेगाहर्ट्झमधल्या क्रिस्टलसाठी यावर उपाय सापडला तो १९३०च्या दशकात. स्फटिकाच्या अक्षाशी साधारण ३५ अंश १५ मिनिटांचा कोन धरून पातळ चकती कापली, तर नेहमीच्या तापमानांत तिचा सूर जवळजवळ हलत नाही. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये हा काप सापडला आणि त्याच सुमारास जपानमध्ये इसाक कोगा स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. इथली ‘मिनिटे’ कोनाची आहेत, अंशाचा साठावा भाग. काही मिनिटे इकडेतिकडे झाली की सगळा फायदा जातो, म्हणून कापण्यापूर्वी क्ष-किरणांनी स्फटिकाची दिशा पाहतात. दहा मेगाहर्ट्झची चकती जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाड असते. कोगांच्या देशाने पुढे काय केले, ते सांगायला नको. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, किंमत साडेचार लाख येन. त्यानंतर स्वित्झर्लंडच्या कमानीच्या घड्याळांवर काय संक्रांत आली, हे जगाने पाहिले. आजही क्रिस्टलच्या धंद्यात जपानी नावे पहिल्या रांगेत आहेत आणि मला तो योगायोग वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. क्रिस्टल काही रुपयांना मिळतो, पोत्याने आयात करा, त्यासाठी एवढा खल कशाला? मीठही स्वस्तच असते, पण ते संपल्याचे ताट वाढल्यावर कळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हे कळले. रणगाडे आणि विमाने यांच्यातले रेडिओ एकाच ठरलेल्या सुरावर राहावेत म्हणून क्रिस्टल लाखांच्या संख्येने हवे होते आणि निर्दोष, मोठे स्फटिक मुख्यतः ब्राझीलच्या खाणींतून येत होते. कसेबसे कारखाने उभे राहिले, तर वेगळेच संकट आले. तपासून पास केलेले क्रिस्टल काही महिन्यांत सूर बदलू लागले, काही मुकेच झाले. कारण शोधता शोधता लक्षात आले की घासताना पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा राहतात, दमट हवेत तिथून कण सुटत जातात आणि चकती हलकी होऊन तिचा सूर चढतो. शेवटचा थर घासून काढण्याऐवजी आम्लाने खरवडला की दुखणे थांबते. ही गोष्ट कोणत्याही आयातदाराच्या बिलावर लिहिलेली नसते. ती ज्याने दगड हाताळला त्यालाच कळते. युद्धानंतर खाणीवरचे अवलंबन तोडण्यासाठी पोलादी भांड्यांत गारगोटी ‘पिकवण्याचे’ तंत्र बेल लॅब्जमध्ये परिपक्व झाले. त्याचे मूळ इटलीतल्या जॉर्जो स्पेझिया यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रयोगांत होते. भांड्याच्या तळाशी गारगोटीचे तुकडे, वर टांगलेले बीज, मध्ये अल्कधर्मी पाणी. साडेतीनशे अंशांच्या आसपासचे तापमान, हजार वातावरणांहून अधिक दाब आणि दिवसाला मिलिमीटरपेक्षाही कमी वाढ. एक पीक काढायला आठवडे, कधी महिने जातात. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत निघणारे देखणे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात, पण इलेक्ट्रॉनिक्ससाठी आज वापरतात ती गारगोटी अशी शिजवलेली असते. तेव्हा कच्चा माल आपल्याकडे नाही ही सबबही उरत नाही. उरते ते फक्त कौशल्य. आणि आयात कायम सुरळीत राहील, या भरवशाला २०२०च्या ऑक्टोबरमध्ये एक दणका बसलाच. जपानमधल्या नोबेओका इथल्या एका चिप कारखान्याला आग लागली. तापमानाची चूक स्वतःच भरून काढणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरसाठी लागणाऱ्या चिप तिथे बनत होत्या, आणि मोबाइलपासून मोटारींपर्यंतच्या उत्पादकांची पुरवठ्यासाठी धावाधाव झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गारगोटीचे दिवस भरले, असे काही तज्ज्ञ म्हणतात. सिलिकॉनमध्येच कोरलेला सूक्ष्म कंपक आता मिळतो. तो लहान असतो, धक्के सोसतो आणि चिपच्या कारखान्यातच बनतो. हे खरे आहे आणि अनेक ठिकाणी त्याने गारगोटीला बाजूला सारलेही आहे. पण त्यातही हलते ते यांत्रिक अंगच, फक्त दगडाऐवजी सिलिकॉनचे. तापमानाने सिलिकॉनचा सूर गारगोटीपेक्षा खूपच जास्त सरकतो, म्हणून शेजारी तापमापक आणि चूक सुधारणारे मोठे सर्किट ठेवावे लागते. शिवाय नव्या वस्तूची दुखणीही नवी असतात. २०१८मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका रुग्णालयात एमआरआय यंत्राची उभारणी चालू असताना हीलियम हवेत पसरला आणि तिथल्या अनेकांचे आयफोन एकाएकी निपचित पडले. हीलियमचे अणू इतके बारीक की त्या सूक्ष्म कंपकाच्या बंद पोकळीत झिरपले आणि कंपन बिघडवून बसले. काही दिवसांत वायू निघून गेल्यावर बहुतेक फोन उठून बसले. म्हणजे दगड गेला तरी प्रश्न तेच राहतात. कंपन सुरू होईल ना, टिकेल ना, आणि पोकळीत काय शिरले? हे प्रश्न विचारायची सवय गारगोटीने लावलेली असते, आणि नवे तंत्र आणणारी माणसेही तीच सवय असलेली असतात.

तिसरा आक्षेप मोबाइल हातात धरून केला जातो. वेळ तर आता उपग्रहावरून आणि नेटवर्कवरून येते, मग यंत्रातला क्रिस्टल बरोबर असला काय आणि नसला काय? या आक्षेपाची परीक्षा बेरीज-गुणाकारानेच होते. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या ४जी-५जी मनोऱ्यांची घड्याळे एकमेकांशी मायक्रोसेकंदांच्या हिशेबात जुळावी लागतात. प्रत्येक मनोऱ्याला दीड मायक्रोसेकंदाची सूट असते. उपग्रहाचा संदेश तुटला की मनोरा स्वतःच्या ऑसिलेटरवर उभा राहतो. त्याच्या सुरात शंभर कोटींत एक इतकीच चूक असली, तरी तासाभरात ३.६ मायक्रोसेकंदांची तफावत पडते. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत सूट संपली. दिवसभर तग धरायचा तर चूक त्याच्याही साठाव्या हिश्शाखाली आणावी लागते, आणि त्यासाठी क्रिस्टलला छोट्या भट्टीत एकाच तापमानाला कोंडून ठेवतात. विजेच्या मीटरचे तसेच. केंद्राने जून २०२३मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेप्रमाणे वीजदर बदलण्याचा मार्ग मोकळा केला. आता मीटरमधले घड्याळ थेट बिलाशी बांधलेले आहे. दहा लाखांत वीस इतकी सर्वसाधारण चूक असलेला क्रिस्टल कोणी दुरुस्त केला नाही, तर वर्षात साडेदहा मिनिटे चुकतो. नेटवर्कवरून वेळ दुरुस्त होते हे मान्य, पण नेटवर्क नसते तेव्हा काय, हे ठरवण्यासाठीच तर मीटरमध्ये घड्याळ असते.

आणि उपग्रहावरच्या त्या प्रसिद्ध अणुघड्याळांचे तरी काय? रुबिडियमचा अणू स्वतः ठोके बाहेर पाठवत नाही. ठोके देतो तो गारगोटीचाच ऑसिलेटर. त्याचा सूर पटीत वाढवून अणूच्या सुराशी ताडून पाहतात, आणि जरा घसरला की अणू त्याचा कान धरतो. अणू म्हणजे संगीतशाळेतला गुरू, गाणारा शिष्य गारगोटीच. आपल्या ‘नाविक’ या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहावरची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली, तेव्हा दिशादर्शनाच्या कामापुरता तो उपग्रह बाद झाला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने घडवलेले देशी रुबिडियम घड्याळ होते. लागलेला फटका आणि त्यातून कमावलेले कौशल्य, दोन्ही आपलेच. मग ‘आयात करता येते’ हा युक्तिवाद उपग्रहाला लागू नव्हता आणि पट्टीवरच्या क्रिस्टलला मात्र लागू आहे, असे कसे?

राहिला शेवटचा आक्षेप, जो शिक्षकच करतात. आता सगळे तयार मोड्यूल मिळतात, ऑसिलेटर चिपच्या पोटात येतो, विद्यार्थ्याने कोड लिहावा. चिपच्या पोटात येतो तो बहुधा रेझिस्टर-कपॅसिटरचा साधा ऑसिलेटर. त्याची चूक शेकड्यात मोजतात, तर क्रिस्टलची दहा लाखांत. धुलाईयंत्राला तो पुरतो, घड्याळाला पुरत नाही. आणि तयार मोड्यूलही कोणीतरी तयार केलेले असते. प्रश्न एवढाच आहे की तो कोणीतरी पुण्यातला असावा की नेहमी ओसाकातलाच. अभ्यासक्रमात ऑसिलेटर नाहीत असे नाही. हार्टली, कोलपिट्स, वीन ब्रिज अशी रांग पिढ्यानपिढ्या शिकवली जाते, आणि ज्याची अब्जावधी नगांनी विक्री होते तो क्रिस्टल ऑसिलेटर धड्याच्या शेवटी दोन परिच्छेदांत उरकला जातो. मी हार्टली काढून टाका म्हणत नाही, पण उतरंड उलटी आहे.

ती सुलटी करायला नवे खाते नको आणि फार पैसाही नको. कारखान्यांत ऑसिलेटरची जी पहिली परीक्षा घेतात ती प्रत्येक इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजच्या टेबलावर होऊ शकते. चालत्या सर्किटमधल्या क्रिस्टलचा एक पाय सोडवायचा, वाटेत एक छोटा रेझिस्टर घालायचा आणि वीज बंद करून पुन्हा द्यायची. सुरू झाले तर रेझिस्टर वाढवायचा, पुन्हा बंद, पुन्हा चालू. मोजायची ती लाट इन्व्हर्टरच्या तोंडाशी नव्हे, लाट पुढे पोहोचवणाऱ्या बफर गेटच्या बाहेर, म्हणजे प्रोबचा भार क्रिस्टलवर पडत नाही. वाढवत वाढवत एक वेळ अशी येते की वीज देऊनही पडद्यावरची रेघ आडवीच राहते. ज्या आकड्याला ती पहिल्यांदा आडवी राहिली, तो क्रिस्टलच्या स्वतःच्या रोधाच्या पाचपट तरी हवा, असा धंद्यातला रिवाज आहे. मग तीच पट्टी एकदा बर्फाच्या डब्यात, एकदा गरम पेटीत आणि एकदा पावसाळी दुपारी खिडकीशी ठेवून तोच आकडा पुन्हा काढायचा, आणि चारही आकडे वहीत एकाखाली एक लिहायचे.